करंगळीखालची आज्ञा

मंगळवारी सकाळी योगिनीने एक परिच्छेद उचलून वर नेण्यासाठी नेहमीची बटणं दाबली आणि परिच्छेद जागचा हलला नाही. त्याच्या मधोमध नुसतं एक 'व' उमटलं. तिने ते पुसलं, पुन्हा दाबलं. पुन्हा 'व'. मग तिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. खाली सिंहस्थाच्या नावाने खणून ठेवलेल्या रस्त्यात एक रिक्षा रुतली होती आणि लोक ती ढकलत होते. तेवढ्या वेळात बोटांनी आपोआप तेच परत केलं आणि पडद्यावर आणखी एक 'व' आलं. तिला राग आला. दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरमध्ये असं झालं असतं तर दोन शिव्या घालून ती चहाला उठली असती. पण ही दौत होती, तिची स्वतःची. मराठी मजकुरात दिवस काढणाऱ्यांसाठी तिने आणि अमित भोयेने मिळून बांधलेला एडिटर. वर्तमानपत्रातले उपसंपादक, कोर्टाबाहेर बसून दस्त टाइप करणारे, पाठ्यपुस्तकांची प्रुफं बघणाऱ्या बायका, असे लोक तो वापरायचे. माउसला हात लावायचा नाही, सगळं बटणांनी. डाव्या करंगळीखालच्या बटणाला त्यांनी 'आज्ञा' असं नाव दिलं होतं. ते दाबून धरलं की बाकीची बटणं अक्षरं राहत नाहीत, कामं होतात: ओळ पुसणं, परिच्छेद हलवणं, शोधणं, जतन करणं. सोडलं की परत अक्षरं. इतकी साधी गोष्ट, वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली.

पहिला संशय अमितवर. तो मागच्या आठवड्यात बटणं वाचणाऱ्या भागात काहीतरी हात घालून बसला होता, आणि अमितने काही सुधारलं की त्याच्या शेजारचं काहीतरी मोडतं असा तिचा जुना आणि बराचसा अन्यायाचा समज होता. तिने त्याचे सगळे बदल वाचले. चूक सापडली नाही, याचंही तिला थोडं वाईट वाटलं. मग तिने एक छोटा कोड लिहिला, प्रत्येक बटणाची ये-जा ओळीने दाखवणारा. बटण खाली गेलं, बटण वर आलं. त्यात सगळी बटणं येत होती, 'आज्ञा' तेवढी येत नव्हती. म्हणजे कीबोर्ड गेला. तिने कपाटातून नवा काढला, त्यावरही तेच. दुपारपर्यंत तिने मशीन बदललं, वायर बदलली, जेवण विसरली. शेवटी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या सविताला हाक मारून तेच बटण दाबायला सांगितलं. सविताने हातातला मोबाईल न ठेवता एका बोटाने दाबलं आणि पडद्यावर ओळ आली: 'आज्ञा' खाली गेली, 'आज्ञा' वर आली.

"जरा जोरात दाबा मॅडम," सविता म्हणाली आणि गेली.

तेव्हा कुठे योगिनीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. करंगळी बटणावरच होती. जिथे असायला हवी तिथेच, किंचित वाकून बसली होती. योगिनीने तिला सांगितलं, दाब. करंगळी बसून राहिली. तिने पुन्हा सांगितलं, आता मन एकवटून, शाळेतल्या मठ्ठ पोराला सांगावं तसं, आणि करंगळी जराशी थरथरली, तेवढंच. दिवसभर ती कोडमध्ये, वायरीत आणि अमितच्या डोक्यात चूक शोधत बसली होती. आपल्या बोटावर संशय घ्यावा असं तिला एकदाही सुचलं नव्हतं. आयुष्यभर जिने बटणापासून पुढे काय होतं एवढाच विचार केला, तिला बटणाच्या अलीकडेही काही असतं हे आठवणार कसं? तिने हात टेबलाखाली घेतला, कोणी पाहिलं नाही ना म्हणून आजूबाजूला पाहिलं, आणि मग अनामिकेने 'आज्ञा' दाबून परिच्छेद वर नेला. तो निमूट गेला.

पुढचे काही आठवडे ती अनामिकेवर चालवून नेत होती. डाव्या हाताची करंगळी म्हणजे तसं पाहिलं तर काय, असं ती स्वतःला समजावायची. जेवताना लागत नाही, लिहिताना लागत नाही, अंगठी अनामिकेत, कुंकू अनामिकेने, बोट दाखवायला तर्जनी. करंगळी दाखवली तर शाळेतली पोरं बाहेर पळतात, एवढीच काय ती तिची कामगिरी. पण मशीनवर हेच बोट सगळ्यांचं मालक असतं, कारण बाकीच्या नऊ बोटांनी लिहायचं की काम करायचं हे ते ठरवतं. असलं बोट गेलं तर काय काय जातं, हे तिला दिवसभर कळत राहिलं. अनामिका 'आज्ञा'वर गेली की अनामिकेची बटणं पोरकी होत. तिथे मधलं बोट पाठवावं लागे. मधल्याच्या जागी तर्जनी वाकडी होऊन येई. एकाने काम सोडलं की पुढच्याने उचलायचं, त्याचं त्याच्या पुढच्याने. संध्याकाळी डावं मनगट ठणकायचं. घरी कुर्त्याचा हूक लागायचा नाही. लोणच्याची बरणी ती संतोषपुढे सरकवायची आणि नवरा या प्राण्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा असं म्हणायची. संतोष हसून झाकण उघडून द्यायचा. त्याला काही वेगळं वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून तिला बरंही वाटलं आणि त्याचा रागही आला.

गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात ती एकटी गेली. संतोषला सांगितलं की दाढ दाखवायची आहे. तिथे एका तरुण डॉक्टरने तिचा हात उशीवर ठेवला, मनगटाला, कोपराला तारा लावल्या आणि बारीक बारीक झटके दिले. प्रत्येक झटक्याला एकेक बोट तिला न विचारता उडत होतं. मग सुया. दुखत होतं, पण त्याहून तिला लाज वाटत होती, कशाची ते तिला कळेना. शेजारच्या पडद्यावर नसांमधून जाणारा निरोप उंचसखल रेघांनी उमटत होता. ती त्या रेघांकडे धंद्याच्या नजरेने बघत राहिली. इथून निघाला, इथवर आला, इथे कमी झाला, पुढे पोचलाच नाही. मधल्या कुठल्या थरात हरवतो, तिने विचारलं. डॉक्टर जरा चमकला. मग म्हणाला की नसांचा आजार आहे, सावकाश चालणारा. इथेच थांबू शकतो, हातभर पसरू शकतो, दुसऱ्या हाताचं आज काही सांगता येत नाही, काही महिन्यांनी परत तपासू. उलटवणारं औषध नाही, व्यायाम आहेत. डावाच आहे ना, आणि त्यातही करंगळी, नशीब समजा, असंही तो चांगल्या मनाने म्हणाला. मग कागदावर लिहिता लिहिता त्याने विचारलं, घरात पूर्वी कोणाला असं काही?

"नाही," योगिनी म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या डोळ्यांसमोर सहादूमामा होता. निफाडच्या बाजूला लोकांच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर काड्या तारेला बांधायचं काम तो करायचा. तिची शाळेची सुट्टी मामाकडे जायची. कमरेला सुतळीचा गुंडा, काडी तारेवर वाकवायची, वळसा, गाठ, पुढची काडी. मामाची गाठ सगळ्यांहून वेगळी होती. बाकीचे दोन बोटांत मारायचे, मामा सुतळीचं एक टोक दातात धरून. सहादूची दातगाठ म्हणून बागेतल्या बायका त्याची थट्टा करायच्या आणि तो दातात सुतळी तशीच धरून हसायचा. योगिनीला ती गाठ फार ऐटीची वाटायची. घरी येऊन तीही फ्रॉकची नाडी दाताने बांधायची आणि आईचा धपाटा खायची. पुढे मामाने काम सोडलं, का ते कोणी पोरांना सांगितलं नाही. तिच्या लग्नात, शुभमंगल सावधान झालं आणि सगळ्या मांडवाने अक्षता टाकल्या, तेव्हा पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या मामाने ओंजळ पुढे करून ती नुसती उलटी केली होती. तांदूळ त्याच्याच पायांवर पडले. मागून कोणीतरी म्हणालं की मामाने सकाळीच घेतलेली दिसते. योगिनीलाही तसंच वाटलं होतं, आणि अंतरपाट खाली येत असताना, आयुष्यातल्या त्या क्षणी, तिला मामाची शरम वाटली होती. आता पायरीवर थांबून तिने डाव्या हाताची मूठ वळून पाहिली. करंगळी बाहेरच राहिली.

रविवारी ती सायखेड्याला आईकडे गेली. लंकाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. योगिनीही सोलायला बसली. नदीला पाणी सोडलंय, पुलावरून गाडी सावकाश न्यायला सांग जावयाला, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. योगिनी सरळ विचारणार होती, पण विचारावं लागलं नाही. थोड्या वेळाने आईचे हात थांबले. ती लेकीच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"तुझ्या मामाची बी आधी करंगळीच सुटली व्हती," लंकाबाई म्हणाल्या.

मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या, खाली मान घालून, शेंगा सोलत. सहादूने कोणाला सांगितलंच नाही. एक बोट गेलं तर दुसऱ्यावर भागवलं, दुसरं गेलं तर तिसऱ्यावर, मग दात लावले. लोक हसायचे तर त्याला तेच बरं वाटायचं, हसतात तोवर कळलं नाही म्हणायचं. माणसाला वाटतं, आजचा दिवस निघाला ना. बागाईतदार भला होता, त्याला पाण्याच्या पाळ्या बघायचं काम देत होता, पंप चालू-बंद करायचा, तेव्हा हात बरे होते तर जमलंही असतं. पण ते घ्यायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं. सांगितलं ते पार दोन्ही हात लुळे पडल्यावर. तोवर पंपाचा खटकाही दाबता येत नव्हता. "लय गुणाचा माणूस," आई म्हणाली, "पण हाताचं कोणाला सांगंना. शेवटी मी भरवायची त्याला." आईने डोळे पुसले नाहीत, शेंगांचं सूप उचलून ती आत गेली. योगिनीला भीती वाटली. ती अंगणात तशीच बसून राहिली आणि तिला लहान मुलासारखं मोठ्याने रडावंसं वाटलं, पण शेजारच्या अक्काबाई कुंपणापलीकडून बघत होत्या, म्हणून ती सालं गोळा करत बसली.

वास्तविक उपाय तिला ठाऊक होता. तो अमितने केव्हाच सुचवला होता आणि तिनेच तो हाणून पाडला होता. दौतमध्ये बटण आणि काम यांची गाठ तिने थेट मारलेली होती. 'आज्ञा' धरून अमुक बटण दाबलं की अमुक काम, हे कोडमध्येच शिवून टाकलेलं. अमितचं म्हणणं, मध्ये एक टेबल हवं, कामांच्या नावांचा तक्ता. बटणाने फक्त कामाचं नाव सांगायचं, आणि त्या नावाचं काय करायचं ते टेबलाने. मग ज्याला हवं त्याने आपलं टेबल बदलावं. कोणी पुसण्याचं काम दुसऱ्या बटणावर नेईल, कोणी पुसण्याच्या नावाखाली आपलं वेगळं पुसणं घालेल, दौतला काही फरक पडणार नाही. फक्त एक पथ्य: एकदा बदललेलं परत बदलायचं नाही. नावावरून नाव, त्यावरून आणखी नाव असं लांबत गेलं की शेवटी मूळ काम कुठे गेलं ते कोणालाच सापडत नाही. त्यासाठी तो निरनिराळ्या वेळी तीनदा आराखडा घेऊन तिच्यासमोर बसला होता, आणि तिने तिन्ही वेळा नकारार्थी मान हलवली होती. तिचा एक नियम होता आणि त्याचा तिला अभिमान होता: ऑफिसात कोणीही उठून कोणाच्याही मशीनवर बसू शकलं पाहिजे. तिच्या मशीनवर अमित, अमितच्या मशीनवर सविता. ग्राहकांचंही तसंच. वर्तमानपत्रात रात्रपाळीचा माणूस दिवसपाळीच्या खुर्चीत बसतो, त्याने काय आधी समोरच्याचा स्वभाव ओळखायचा? सगळ्यांचे हात सारखे शिकले की दौत सगळ्यांची. हे ती इतक्या ठामपणे सांगायची की हरसूलसारख्या डोंगरगावातून येऊन इंजिनिअर झालेला अमित, जो भांडणात सहसा हार मानत नसे, हात वर करायचा आणि म्हणायचा, ठीक आहे बाई, तुझी दौत.

सायखेड्याहून परत आल्यावर तिने स्वतःच्या मशीनपुरतं ते टेबल लिहायला घेतलं. कोणाला सांगितलं नाही. शिवलेल्या गाठी एकेक करून उसवल्या, प्रत्येक कामाला नाव दिलं, नावं टेबलात मांडली. लिहिताना तिला वाटलं की हे आपण आधीच करायला हवं होतं, इतकं ते सुटसुटीत होतं, आणि हे अमितला कधीही कळता कामा नये. मग बदल. जुनी 'आज्ञा' तिने होती तिथे ठेवली आणि उजव्या अंगठ्याखाली दुसरी आणली. डाव्या अनामिकेखाली असलेलं जतन उजवीकडे नेलं, कारण ते सारखं लागतं. पण नेलं तिथे आधी कोणीतरी राहत होतंच. तिथे होतं मागे घेणं, म्हणजे शेवटचा बदल रद्द करून आधीचा मजकूर परत आणणं. त्याला तिने जतनाच्या रिकाम्या झालेल्या बटणावर पाठवलं. शोधणं तिकडे, त्यामुळे ओळ पुसणं इकडे. एका करंगळीपायी निम्म्या कीबोर्डाचं बिऱ्हाड हललं. पहिले दिवस तिच्या फार चुका झाल्या. मग हात शिकला. सकाळी बसल्यावर तो न चुकता नव्या वाटेने जायला लागला, आणि एका दुपारी तिच्या लक्षात आलं की जेवणापर्यंत तिला करंगळीची आठवणही झाली नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला. इतकी ती खूश झाली की कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी मिसळ मागवली. अमितने दोनदा विचारलं, वाढदिवस आहे का, आणि पाव तिसऱ्यांदा घेतला.

त्याच आठवड्यात कोर्टाजवळच्या एका टायपिस्टचा फोन आला, मागोमाग पत्रही आलं, की जोडाक्षर पुसताना अर्धंच पुसलं जातं. ती चूक योगिनीच्या मशीनवर दिसत होती, अमितच्या नाही. तो नेहमीप्रमाणे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, सरक. तिला सरकावं लागलं. नियमच तिचा होता. आपण टेबल परत जुनं करायला विसरलो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. अमितची एक सवय होती, म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यांचीच असते, पण अमितची जास्त. तो ओळ लिहिली की जतन करायचा, ओळ वाचली की जतन करायचा, विचार करत असला तरी बोटं जतनाचं बटण दाबत असायची, जपमाळेसारखी. त्याने चूक शोधली, ती सुधारणाऱ्या सात-आठ ओळी भराभर लिहिल्या, आणि जतन केलं. शेवटची ओळ नाहीशी झाली. त्याला वाटलं नजरचूक. त्याने पुन्हा जतन केलं. आणखी एक गेली. मग तो जे काही जातंय ते वाचवायला घाईघाईने जतन करत सुटला, आणि जितकं जतन करत होता तितकं त्याचंच लिहिलेलं त्याच्या डोळ्यांदेखत मागे मागे पुसलं जात होतं. त्या बटणावर आता मागे घेणं होतं, हे योगिनीला ठाऊक होतं, पण ते सांगायचं तर करंगळीचंही सांगावं लागलं असतं. शेवटी पडदा होता तसा झाला आणि अमितने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

मग त्याने आतला कोड उघडला. तिने त्याला अडवलं नाही.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "मधलं टेबल."

"हो."

"तीनदा नाही म्हणालीस मला." त्याचा आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. त्याला लागलं होतं. कितीतरी वर्षांच्या ओळखीत तिने त्याच्यापासून कामातलं काही लपवलं नव्हतं, निदान त्याला तसं वाटत होतं. "हे कोणासाठी केलंस?"

"एकजण आहे," ती म्हणाली. "वापरणारी."

अमित टेबल वाचत गेला. वरून खाली, मग परत वरून. तो टेबलं चांगली वाचतो. कोणतं काम कुठून उठलं आणि कुठे गेलं हे बघता बघता त्याचा वाचण्याचा वेग कमी झाला, आणि तिला कळलं की त्याला दिसलंय. सारखी लागणारी सगळी कामं एकाच कोपऱ्यातून उठली होती, डाव्या करंगळीच्या. तिला वाटलं आता तो वळून तिच्या हाताकडे बघेल. हात तिने ओढणीखाली घेतला होता. पण तो पडद्याकडेच बघत राहिला, मुद्दाम, आणि त्याने मुद्दाम बघितलं नाही हे तिला इतकं जाणवलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

"संतोषला माहितीय?"

तिने नकारार्थी मान हलवली. अमित उठला. आधी घरी सांग, एवढंच म्हणाला, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्या संध्याकाळी तिने संतोषला सांगितलं. तो आधी दाढेच्या खोटेपणावरून भडकला, भाजी ढवळायचं सोडून त्यावरच बोलत राहिला, गॅसवर भाजी लागली, मग तो तिचा डावा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून बघायला लागला. करंगळीपाशी आल्यावर तो थांबला. तिने मामाचंही सांगितलं. डॉक्टरलाही खरं सांगू, तो म्हणाला. ती हो म्हणाली. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सांगितल्यामुळे ते खरं झालं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात पोचली तेव्हा अमितने तिच्यासाठी एक टेबल करून ठेवलं होतं. ते तिच्या मशीनवर उघडंच होतं. तिने वाचायला सुरुवात केली आणि तिला आधी उलगडेना. सगळी कामं उजवीकडे होती. अक्षरंसुद्धा उजव्याच बटणांवर आली होती, अंगठ्याखालचं बटण दाबून पलटली की डावीकडची अक्षरं उजव्या बोटांखाली येतील अशी. डाव्या बाजूला प्रत्येक बटणासमोर काहीच नव्हतं. अख्खा डावा हात रिकामा. तिने स्वतःशी करंगळीपर्यंतच विचार केला होता, फार तर अनामिकेपर्यंत. त्यापुढे तिने कधी जाऊ दिलं नव्हतं. आणि हा माणूस सकाळी येऊन, चहा पीत पीत, तिच्या हाताच्या शेवटापर्यंत जाऊन आला होता. ती ताडकन उठून त्याच्या जागेपाशी गेली.

"मला हात आहे अजून," ती म्हणाली. सविताने फोनवरून मान वर केली. योगिनीने आवाज खाली आणला. "एक बोट गेलंय. एकच. तू सगळाच काढून टाकलास?"

"आहे म्हणूनच केलं," अमित म्हणाला.

"म्हणजे काय?"

"आत्ता चुकलीस तर तो सावरेल." हे बोलताना मात्र त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, सरळ, आणि नजर काढली नाही. "नंतर शिकायला बसलीस तर सावरायला कोण आहे?"

तिला त्याचा संताप आला. कोण हा, याला कोणी सांगितलं, डॉक्टरने तर म्हटलंय इथेच थांबेल कदाचित. कदाचित. ती जागेवर येऊन बसली. दातात सुतळी धरून हसणारा मामा तिला दिसला, आणि त्याने न घेतलेलं पंपाचं काम. अनामिकेवर भागवायचं, मग मधल्यावर, मग तर्जनीवर, रोज एकेक बोट मागे, आणि रोज वाटायचं आजचा दिवस निघाला. मिसळ मागवली त्या दिवशी ती नेमकी तिथेच उभी होती, मामाच्या जागी, आणि तिला वाटलं होतं आपण सुटलो. अमितचं ते पथ्य तिला आता समजलं. एकदाच बदलायचं. शेवटपर्यंतचा विचार करून एकदाच, नाहीतर बदलत बदलत माणूस कुठे येऊन पोचतो ते त्याला स्वतःलाच कळत नाही. तिने तिथूनच अमितला सांगितलं की मधलं टेबल पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना द्यायचं, ज्याला जसं हवं तसं मांडू दे, आणि हे रिकामं टेबलही बरोबर द्यायचं, तयार. माझ्या नियमाचं काय करायचं ते बघू. कोणाच्या मशीनवर बसायचं असेल तर आधी विचारून बसावं, काय बिघडतं. अमित बरं म्हणाला. ते काम म्हणून बोललो असंच दोघांनी दाखवलं.

मग तिने अमितचं टेबल आपल्या दौतवर चढवलं आणि एक कोरं पान उघडलं. डावा हात उचलून मांडीवर ठेवला. काय लिहावं सुचेना, म्हणून समोर पडलेलं कोर्टाजवळच्या टायपिस्टचं तक्रारीचं पत्र लिहून काढायला घेतलं. महोदय लिहायला तिला इतका वेळ लागला की तिला हसू आलं. अंगठा पलटायला चुकायचा, ह च्या जागी भलतंच यायचं, ती पुसायची, पुसण्याचं बटणही सापडायचं नाही. पहिलीतल्या मुलासारखी ती ओठ हलवत लिहीत होती. पलीकडून अमितला ते सगळं ऐकू येत होतं, एक बटण, मग मोठी शांतता, मग एक बटण, पण तो उठला नाही आणि काही सांगायलाही आला नाही. दोन ओळींपर्यंत तिचा उजवा खांदा भरून आला. मांडीवरचा डावा हात दर शब्दाला उसळत होता. त्याला ती अक्षरं येत होती, त्याची चार बोटं अजून धडधाकट होती, त्याने ते पत्र कधीच लिहून टाकलं असतं. तो उठून कीबोर्डकडे जायला बघत होता. ती त्याला मांडीवर दाबून धरत होती आणि लिहीत होती.